खुब्याच्या सांध्याभोवतीचं हाड कोण खातं?

प्रश्न: आईला (वय ६१) डाव्या खुब्याचा सांधा बदलायला सांगितलाय. सर्जन 'क्रॉसलिंक्ड पॉली आणि सिरॅमिक हेड' घालणार म्हणतात. आजोबांचा खुबा १९९६ साली बदलला होता. अकरा वर्षांत तो सैल झाला आणि डॉक्टर म्हणाले, "हाड खाल्लं गेलंय." जंतुसंसर्ग नव्हता. मग हाड खाल्लं कोणी? आणि आता खरंच काही बदललंय की नुसती नावं नवी? मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, खोलात सांगितलंत तरी चालेल.

उत्तर:

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. बदललंय, आणि चांगलंच बदललंय. ऑस्ट्रेलियात बसवलेल्या जवळपास प्रत्येक कृत्रिम सांध्याची नोंद एका राष्ट्रीय नोंदवहीत होते. तिच्यातल्या आकड्यांप्रमाणे जुन्या पॉलिएथिलीनच्या ('पॉली' म्हणतात ते प्लास्टिक) शंभर खुब्यांपैकी सुमारे १२ खुबे सोळा वर्षांच्या आत पुन्हा उघडावे लागले. क्रॉसलिंक्डमध्ये, म्हणजे साखळ्या एकमेकींना आडव्या जोडलेल्या पॉलिएथिलीनमध्ये, हाच आकडा सुमारे ६ आहे. आजोबांचा सांधा ज्या कारणानं गेला, नेमक्या त्याच कारणावरचा हा इलाज आहे.

आणि हाड कोणी खाल्लं? आजोबांनीच. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पेशींनी. हे नीट समजायला रसायन, जीवशास्त्र आणि यंत्रशास्त्र तिघांनाही चाळीसेक वर्षं लागली, आणि मधल्या काळात तिघांनीही चुकीच्या माणसाला धरलं होतं.

मी डॉक्टर नाही, पॉलिमरची माणूस आहे. सर्जन मंडळी रिव्हिजनच्या, म्हणजे बसवलेला सांधा पुन्हा बदलायच्या, वेळी जे सांधे काढतात, त्यातल्या वाट्या माझ्या टेबलावर येतात. पंचवीसेक वर्षं हेच चाललंय. खुब्यात मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे गोळा आणि कमरेच्या हाडातली खोबण म्हणजे वाटी. ऑपरेशनमध्ये गोळ्याच्या जागी धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा येतो, त्याला 'हेड' म्हणतात. तो मांडीच्या हाडात ठोकलेल्या 'स्टेम'वर बसतो. वाटीच्या जागी धातूचा 'कप' आणि त्याच्या आत प्लास्टिकचा 'लायनर' येतो. आईच्या बाबतीत 'पॉली' म्हणतात तो हाच लायनर.

या सगळ्याची सुरुवात इंग्लंडमधल्या लँकशायरच्या राइटिंग्टन रुग्णालयात झाली, जॉन चार्नली नावाच्या सर्जनपासून. त्या काळी मांडीच्या हाडावर ॲक्रिलिकचा गोळा बसवायची पद्धत होती. असा एक रुग्ण चार्नलींकडे आला. त्याचा सांधा हलला की इतका कर्कश कुरकुरायचा, की बायको त्याच्याबरोबर एका खोलीत बसेना. बाकीच्यांनी हसून सोडलं असतं. चार्नलींना त्यात घर्षण ऐकू आलं. निसर्गाच्या सांध्यात कूर्चा कूर्चेवर जवळजवळ विनाघर्षण सरकते, मग आपणही सगळ्यात कमी घर्षणाचा पदार्थ घ्यावा, असा त्यांनी हिशेब केला. असा पदार्थ तेव्हा एकच होता: टेफ्लॉन. तव्याला लावतात तेच.

१९५८ पासून सुमारे तीनशे रुग्णांना टेफ्लॉनच्या वाट्या बसल्या. सुरुवातीला रुग्ण खूश होते. दोन-तीन वर्षांत गोळे वाटीत घुसले, सांध्याभोवती चिकट गाठी झाल्या आणि चार्नलींना आपल्याच हातानं बसवलेले सांधे एकामागून एक काढावे लागले. घर्षण कमी म्हणजे झीज कमी, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. साबणाची वडी हातातून सुळकन निसटते, घर्षण नाहीच जवळपास, पण चार दिवसांत संपते. आमच्या विषयात शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे पहिल्याच तासाला सांगते, आणि दरवर्षी परीक्षेत निम्मे जण तीच चूक करतात.

नंतर चार्नलींनी जे केलं ते आजची कुठलीही नैतिकता समिती करू देणार नाही. टेफ्लॉनची आणि एका दुसऱ्या प्लास्टिकची पूड त्यांनी स्वतःच्या मांडीत घातली आणि वाट पाहिली. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला लागत होत्या, दुसऱ्याच्या जागी काही नाही. हे त्यांनी १९६३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलं.

ते दुसरं प्लास्टिक म्हणजे अतिउच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन, आमच्या बोलीत 'यूएचएमडब्ल्यूपीई'. ते त्यांच्यापर्यंत पोचलं कसं, ती गंमत सांगते. मे १९६२ मध्ये एक विक्रेता प्लास्टिकच्या दातेरी चाकांचा नमुना घेऊन आला. लँकशायरच्या कापडगिरण्यांतल्या मागांसाठी ती चाकं वापरत. चार्नलींनी नखानं ओरखडा काढून पाहिला आणि उडवून लावलं. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यानं मात्र साहेब परदेशी गेल्यावर तो तुकडा गुपचूप घर्षणयंत्रावर लावला. रात्रंदिवस तीन आठवडे फिरून जेवढी झीज झाली, ती टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षाही कमी. नोव्हेंबर १९६२ मध्ये पहिली पॉलिएथिलीनची वाटी माणसात बसली. आजही जगभर लायनर त्याच कुळातला आहे.

तुम्ही रसायनाच्या म्हणून दोन वाक्यं जास्त. बादली-डब्यांचं पॉलिएथिलीन आणि हे, दोघांची साखळी एकच: कार्बन, त्याला दोन हायड्रोजन, पुन्हा कार्बन. फरक लांबीचा. याचा रेणुभार २० ते ६० लाखांच्या घरात असतो. इतक्या लांब साखळ्या एकमेकींत इतक्या गुंततात, की हा पदार्थ वितळवला तरी वाहत नाही. म्हणून साच्यात ओतता येत नाही, पूड दाबूनच ठोकळा करावा लागतो. गंज नाही, विष नाही, शरीरात विरघळणं नाही. साठच्या दशकातल्या माणसाला वाटावं, प्रश्न सुटला.

सत्तरच्या दशकात एक्स-रेमध्ये विचित्र गोष्ट दिसू लागली. सांधा जागेवर, रुग्ण हिंडता-फिरता, दुखणं नाही, पण स्टेमभोवतीच्या हाडात फुग्यासारखी भोकं. त्या काळी स्टेम हाडात बसवायला ॲक्रिलिकचं सिमेंट भरत (हेही चार्नलींचंच, दातांच्या पदार्थांवर काम करणाऱ्या मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्यानं). सर्जननी भोकातली ऊती काढली, सूक्ष्मदर्शकाखाली सिमेंटचे तुकडे दिसले. झालं, गुन्हेगार सापडला. १९८७ मध्ये तर 'सिमेंट डिसीज' असं नावच पडलं. याच संशयापोटी सिमेंटशिवायचे, सच्छिद्र पृष्ठभागाचे सांधे आले, हाड स्वतःच छिद्रांत वाढून धरेल असे. आणि त्यांच्याभोवतीही तशीच भोकं पडली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

खऱ्या चोराकडे बोट दाखवणारे लोक होते, पण त्यांचं कोणी फारसं ऐकलं नव्हतं. विलर्ट आणि सेम्लिच यांनी १९७७ मध्येच लिहिलं होतं, की झिजेचे कण सांध्याभोवती साठतात, पेशी ते गिळतात, आणि कण जास्त झाले की हाड जातं. १९८३ मध्ये हार्वर्डच्या स्टीव्हन गोल्डरिंग आणि विल्यम हॅरिस यांच्या गटानं सैल झालेल्या सांध्यातल्या पातळ पडद्याची तपासणी केली. तो निर्जीव चट्टा नव्हता. तो प्रोस्टाग्लँडिन ई-टू हे दाह पेटवणारं रसायन आणि कोलॅजन हे हाडातलं प्रथिन फोडणारं विकर (एन्झाइम) तयार करत होता. म्हणजे हाड खाणारा कारखाना शरीरानंच उभारलेला होता, आणि कच्चा माल पुरवत होती वाटी.

किती माल? हा हिशेब मी प्रत्येकाला स्वतः करायला लावते, कारण ऐकून विश्वास बसत नाही. गोळा २८ मिलिमीटर व्यासाचा धरा. जुनं पॉलिएथिलीन वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर खोल झिजायचं. वर्तुळाचं क्षेत्रफळ ६१६ चौरस मिलिमीटर, गुणिले ०.१: वर्षाला साठेक घन मिलिमीटर. पाण्याचा जेमतेम एक थेंब. आता कण अर्ध्या मायक्रॉनचा घ्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एकाचं आकारमान ०.०६५ घन मायक्रॉन. भागाकार करा: वर्षाला सुमारे ९४ हजार कोटी कण. एका पायाची वर्षाची पावलं साधारण दहा लाख धरतात. म्हणजे पावलागणिक नऊ लाखांवर कण. खरे कण सगळे एका मापाचे नसतात, आकडा खाली-वर होईल, पण लाखांतच राहील. आजोबा देवळापर्यंत जाऊन येत असतील तर रोजचा हिशेब तुम्हीच करा.

आता जीवशास्त्र. शरीरात मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी सफाईचं काम करतात. जंतू, मेलेल्या पेशी, धूळ, जे परकं ते गिळायचं आणि आतल्या विकरांनी विरघळवायचं. पॉलिएथिलीनचा कण ती गिळते, पण नुसत्या कार्बन-कार्बन साखळीला विकरानं पकडावं असं काही टोकच नाही. पेशी पचवूही शकत नाही, सोडूनही देत नाही. ती मदतीची हाक मारते, म्हणजे टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ असे निरोप सोडते. हे निरोप जवळच्या पेशींना रँकेल नावाचं प्रथिन जास्त बनवायला लावतात. रँकेल मिळालं की हाड खाणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, तयार होतात; त्या हाडावर बसून आम्ल सोडतात, खनिज विरघळवतात आणि उरलेलं कोलॅजन कॅथेप्सिन-के या विकरानं फोडतात. एरवी हेच काम शरीर हाडाच्या डागडुजीसाठी रोज करतं. इथे डागडुजीचा हुकूम रद्द करणारं कोणीच नाही, कारण कणांचा पुरवठा थांबत नाही.

यात मापाचा भाग महत्त्वाचा आहे. दहा मायक्रॉनच्या वरचा तुकडा एका मॅक्रोफेजला गिळताच येत नाही. चार पेशी एकत्र येऊन त्याला वेढून बसतात, त्रास कमी. सगळ्यात जास्त भडका उडवतात ते ०.१ ते १ मायक्रॉनचे कण. म्हणजे गुळगुळीत, चकचकीत, 'छान' झिजणारी वाटी जास्त घातक असू शकते. मी सुरुवातीला काढलेल्या वाट्यांवरचे मोठे ओरखडे मोजत बसायचे. आरशासारखा गुळगुळीत भाग मी 'न झिजलेला' म्हणून सोडून द्यायचे, आणि नेमकी झीज तिथेच झालेली असायची.

आणि हे कण वाटीपासून स्टेमच्या टोकापर्यंत पोचतात कसे? चालताना सांध्यातला द्रव दाबाखाली प्रत्येक फटीत ढकलला जातो. जिथे द्रव जाईल तिथे कण, जिथे कण तिथे भोक. हाडात दुखण्यासारखं फारसं काही होत नाही तोवर माणसाला पत्ता लागत नाही. आजोबांनाही दुखायला लागलं असेल ते भोकं मोठी होऊन सांधा हलायला लागल्यावरच. अकरा वर्षांत मधले एक्स-रे झाले होते का, हे मला विचारावंसं वाटतं. बहुतेक घरांत 'दुखत नाही ना, मग कशाला' म्हणून ते राहून जातात.

१९९६ सालाचं मला विशेष वाटतं, कारण तो उंबरठ्यावरचा काळ होता. तोवर बहुतेक लायनर हवेत पॅक करून गॅमा किरणांनी निर्जंतुक करत, २५ ते ४० किलोग्रे (हे किरणांच्या मात्रेचं एकक) इतक्या मात्रेनं. गॅमा निर्जंतुकीकरण ही उत्तम पद्धत आहे. आपल्या मुंबईतल्या तुर्भ्याला (ट्रॉम्बे) १९७४ पासून आयसोमेड हा प्रकल्प वैद्यकीय वस्तूंसाठी हेच करतो, आणि ड्रेसिंगसारख्या वस्तूंना त्यानं फारसं काही होत नाही. पॉलिएथिलीनला होतं. किरण कार्बन-हायड्रोजन बंध तोडतात, मुक्त मूलकं, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन उरलेली चंचल टोकं, तयार होतात. मोकळ्या, अव्यवस्थित भागातली मूलकं एकमेकांना भेटून साखळ्यांना आडवी जोडतात, ते चांगलंच. स्फटिकांत अडकलेली मूलकं मात्र वर्षानुवर्षं तशीच राहतात. ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो, पेरॉक्साइड होतं, साखळी तुटते, कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनची जोडी) उरतो. पाकीट कपाटात पडून असतानाही हे चालू असतं. चार-पाच वर्षं शेल्फवर राहिलेला लायनर बसवायच्या आधीच म्हातारा झालेला असे.

अशा वाटीचा पातळ काप करून उजेडाला धरला की पृष्ठभागाच्या एक-दोन मिलिमीटर आत पांढरा पट्टा दिसतो, आंब्याच्या साक्यासारखा. तिथे इन्फ्रारेड किरणांनी तपासलं की आलेखात १७२० (प्रति सेंटिमीटर) च्या आसपास कार्बोनिलचा सुळका. तुम्ही हा सुळका कॉलेजात ॲसिटोनच्या आलेखात पाहिला असेल. तो माणसाच्या खुब्यातून आलेल्या प्लास्टिकमध्ये पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर कंपन्या नायट्रोजन, आरगॉन किंवा निर्वात पाकिटाकडे, काही जण इथिलीन ऑक्साइड वायूकडे वळल्या. आजोबांचा लायनर उंबरठ्याच्या कुठल्या बाजूचा होता ते त्यांची फाईल असेल तरच कळेल.

त्याच सुमारास मी पीएचडीला होते, आणि इथे माझी स्वतःची फजिती सांगायला हवी. आमच्याकडे एक झीज-यंत्र होतं: प्लास्टिकची पिन धातूच्या पट्टीवर मागे-पुढे घासायची, वंगणाला डिस्टिल्ड वॉटर. आमच्या नमुन्यांची झीज जवळपास शून्य आली. मी हरखून गेले. विभागात आलेल्या एका ज्येष्ठ सर्जनना मी आलेख दाखवला. ते म्हणाले, "बाई, माणूस काय रुळावरून चालतो का?"

प्रश्न बरोबर होता. खुब्याचा गोळा वाटीत मागे-पुढे जातो, आडवा सरकतो, थोडा फिरतोही. पृष्ठभागावरचा एकेक बिंदू लंबवर्तुळाकार वाटेनं जातो आणि वाटा एकमेकींना छेदतात. पॉलिएथिलीनला एकाच दिशेनं घासलं की साखळ्या त्या दिशेनं झोपतात, विंचरलेल्या केसांसारख्या, आणि पृष्ठभाग त्या दिशेनं मजबूत होतो. मग आडवा फटकारा आला की तेच केस मुळासकट निघतात. बोस्टनच्या गटानं १९९६ मध्ये हे यंत्रावर दाखवलं: एकदिश हालचालीत नगण्य झीज, बहुदिश हालचालीत खऱ्या रुग्णांसारखी. शिवाय पाण्याऐवजी वासराच्या किंवा बैलाच्या रक्ताचा सीरम वापरावा लागतो. साध्या पाण्यात प्लास्टिकचा थर गोळ्याला चिकटून बसतो आणि सगळी मोजणीच बिघडते. माझे आठ महिने कचऱ्यात गेले. यंत्र खोटं बोलत नव्हतं, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

साखळ्या झोपू नयेत यासाठीच क्रॉसलिंकिंग. गोधडीचे थर नुसते एकावर एक ठेवले तर सरकतात. आडवे-उभे टाके घातले की एका दिशेला ओढलं तरी थर सुटत नाहीत. इथे टाके घालायचं काम तेच गॅमा किरण किंवा इलेक्ट्रॉन झोत करतात, फक्त मात्रा ५० ते १०० किलोग्रे, आणि ती आधी ठोकळ्याला देऊन मग लायनर कोरायचा. मूळ कल्पना जुनी. जपानमध्ये ओनिशी यांनी सत्तरच्या दशकातच प्रचंड मात्रा देऊन असे सांधे बसवले होते. पण जग तेव्हा घर्षणात आणि सिमेंटमध्ये अडकलं होतं. १९९८-९९ पासून क्रॉसलिंक्ड पॉली बाजारात आलं.

टाके पडले, पण अडकलेली मूलकं वाढली. मग दोन पंथ झाले. एक म्हणतो, ठोकळा वितळबिंदूच्या, म्हणजे सुमारे १३७ अंशांच्या वर तापवा. स्फटिक वितळतात, मूलकं सुटतात, एकमेकांना भेटून संपतात. पण थंड झाल्यावर पूर्वीइतके स्फटिक बनत नाहीत आणि पदार्थ थोडा कमकुवत होतो. पातळ लायनरच्या कडेला चीर पडू शकते. दुसरा म्हणतो, वितळबिंदूच्या खालीच तापवा. ताकद राहते, पण काही मूलकं उरतात आणि ऑक्सिडेशनचं भूत पुन्हा मागे लागतं. एक झाकावं तर दुसरं उघडं. या वादात परिषदांमध्ये मी चांगल्या माणसांना तावातावानं भांडताना पाहिलंय. वाद मिटवला जीवशास्त्रानं. आपल्या पेशींच्या पटलात मूलकांना शांत करणारं रसायन आहेच: ई जीवनसत्त्व, अल्फा-टोकोफेरॉल. ते आपला एक हायड्रोजन देऊन मूलक विझवतं. तेच प्लास्टिकमध्ये मुरवायचं. किरण देण्याआधी पुडीत मिसळलं तर ते टाक्यांची मूलकंही गिळतं, मग मात्रा वाढवावी लागते. नंतर मुरवलं तर वेळ लागतो. दोन्ही प्रकार २००७ नंतर रुग्णांत आले. काढलेल्या वाट्यांमध्ये मला ते आवडतात, पण आईच्या सर्जननी साधं क्रॉसलिंक्ड सुचवलं असेल तर ई जीवनसत्त्वासाठी हट्ट धरू नका. मोठी उडी क्रॉसलिंकिंगची होती, ही त्यापुढची पायरी.

याच प्लास्टिकची एक वेगळी नोकरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या गटानं हृदयाची कृत्रिम झडप बनवली. आधीचे तीन नमुने फसले. चौथ्यात हेन्स-२५ या कोबाल्ट मिश्रधातूची चौकट आणि यूएचएमडब्ल्यूपीईची चकती होती. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्या रुग्णात बसली. ती चकती दिवसाला लाखभर वेळा उघड-झाप करते. तिथे मुख्य भीती रक्ताच्या गुठळीची, हाडाची नाही. पदार्थ तोच, पण शेजारी कोण आहे यावर त्याचं सगळं नशीब.

हे विसरल्यामुळे जो मोठा अपघात झाला तो म्हणजे धातूवर धातू. प्लास्टिक झिजतं ना, मग ते काढूनच टाका. कोबाल्ट-क्रोमचा गोळा, कोबाल्ट-क्रोमची वाटी. यंत्रावर झीज अगदी थोडी. पण हे कण नॅनोमीटरमध्ये मोजायचे, म्हणून संख्या प्रचंड, आणि वर कोबाल्ट-क्रोमचे आयन रक्तात. वाटी थोडी उभी बसली की गोळा कडेवर घासे आणि झीज कितीतरी वाढे. यंत्रावरच्या चाचण्या नीट बसवलेल्या वाटीच्या होत्या. मऊ ऊती सडल्या, मांडीत गाठी झाल्या. डिप्यू कंपनीचा एएसआर सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. तोवर तो भारतातही हजारो रुग्णांत बसला होता; महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं मुंबईत पोलिसांत तक्रार केली होती. हे धोक्याचं आहे, हे आधी कळलं ते कुठल्या प्रयोगशाळेला नाही, ऑस्ट्रेलियाच्या त्याच नोंदवहीला. आपल्याकडे हिप-गुडघा सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. मला विचाराल तर एखादी नवी प्रयोगशाळा काढण्याआधी ती सक्तीची करावी.

आता आईचं. सिरॅमिक हेड हा चांगला पर्याय आहे. ते धातूपेक्षा कडक आणि गुळगुळीत, ओरखडा पडत नाही म्हणून प्लास्टिक कमी कापलं जातं. आणि स्टेमच्या मानेशी गोळा जिथे बसतो तिथला गंजाचा त्रासही कमी होतो. 'फुटेल का' ही भीती जुन्या झिर्कोनियाच्या काळातली. भट्टीची पद्धत बदलल्यामुळे २००१ च्या सुमारास काही खेपांमधले गोळे फुटले होते. आजचं झिर्कोनियानं चिवट केलेलं ॲल्युमिना क्वचितच फुटतं.

सर्जनना दोन गोष्टी विचारा. एक, हेड किती मिलिमीटरचं आणि त्याच्यामागे लायनर किती जाड उरतो? चार्नलींचा गोळा २२ मिलिमीटरचा होता, कारण छोट्या गोळ्यानं घर्षणाचा पीळ कमी बसतो आणि झिजेसाठी प्लास्टिकही जाड ठेवता येतं. क्रॉसलिंक्डमुळे ३२ किंवा ३६ परवडतो, आणि मोठा गोळा सांध्यातून सहज निसटत नाही. मांडी घालून बसणं, खाली वाकणं हे आईच्या आयुष्यात किती आहे ते त्यांना मोकळेपणानं सांगा. आणि ऑपरेशननंतर काय करू नये ते त्यांचंच ऐका, माझं नाही. दुसरं, ते वर्षाला किती खुबे करतात? वाटी कोणत्या कोनात बसली यावर मी टेबलावर जे पाहते ते फार अवलंबून असतं. उत्तम पॉली चुकीच्या कोनात बसवलं तर कडेवर घासणारच.

पहिल्या वर्ष-दोन वर्षांच्या एक्स-रेमध्ये गोळा थोडा खोल गेलेला दिसेल. घाबरू नका, ती झीज नसते. प्लास्टिक दाबाखाली थोडं बसतं, नव्या गादीसारखं. त्यानंतर मात्र दुखत नसलं तरी सर्जन सांगतील तेव्हा एक्स-रे काढायचाच. हाड वाचवायला रँकेल अडवणारं डेनोसुमॅबसारखं औषध का देत नाहीत, असं तुम्ही विचाराल. त्यावर चाचण्या झाल्यात, नेहमीच्या उपचारात ते नाही. कणांचा नळ बंद करणं अजूनही जास्त सोपं आहे.

आणखी एक छोटं काम. ऑपरेशनच्या खोलीत कप, लायनर, हेड, स्टेम प्रत्येकाच्या पाकिटावर एक स्टिकर असतो: नाव, माप, लॉट नंबर, निर्जंतुकीकरणाची पद्धत आणि तारीख. ते केसपेपरवर चिकटवतात. डिस्चार्जच्या दिवशी त्या पानाचा फोटो काढून घ्या आणि घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवा. आजोबांच्या जुन्या फाईलमध्ये असं पान सापडलं तर लायनरच्या स्टिकरवर गॅमा लिहिलंय का आणि तारीख कोणती आहे तेवढं बघून मला कळवा.